वानर आणि घाटेअळीचा पतंग

‘वानर हा मारुतीचा असतो. पतंग कोणाचाच नसतो.’

सौदामिनीने हे पुन्हा एकदा वाचलं आणि लाल पेन टेबलावर आपटलं. पेन गडगडत जाऊन पाण्याच्या तांब्याला अडलं. लातूरचा मे महिना, वीज गेलेली, जनरेटर फक्त वर्गांसाठी आणि संगणकासाठी. शिक्षकांच्या खोलीतला पंखा छताला नुसता टांगलेला. अशा दुपारी उत्तरपत्रिका तपासायला बसलेल्या माणसाचं डोकं आधीच तापलेलं असतं, त्यात हा कुठला तरी महाभाग वानराची आणि पतंगाची सोयरीक जुळवत बसलेला. तिने समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

‘वानर झाडावर राहतो. घाटेअळीचा पतंग हरभऱ्यावर राहतो.’

तिसऱ्या उत्तरपत्रिकेत होतं, ‘वानराला शेपूट असते. पतंगाला शेपूट नसते, पण उडता येते.’ चौथीत तर पट्टीने रेघ मारून दोन रकाने आखले होते. वर सुबक अक्षरात ‘वानर’ आणि ‘घाटेअळीचा पतंग’ असे मथळे, खाली एकाखाली एक चार मुद्दे, आणि शेवटचा मुद्दा असा: ‘वानर दिव्यावर झडप घालत नाही. पतंग घालतो.’

एखादं पोर चुकतं, दोन चुकतात, पण अख्खी बॅच मिळून एकच वेडेपणा करत नाही. सौदामिनीने खण उघडला, प्रश्नपत्रिका काढली आणि चष्मा वर सारून प्रश्न चौथा वाचला. ‘वानर व घाटेअळीचा पतंग यांतील फरक स्पष्ट करा. गुण ४.’

“हे मी काढलेलं नाही,” ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

तिने काढलं होतं ते साधं सरळ होतं. वानर व माकड यांतील फरक स्पष्ट करा. किंवा घाटेअळीचा पतंग व लिंबावरचे फुलपाखरू यांतील फरक स्पष्ट करा. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर वेगळं आणि लाल तोंडाचं माकड वेगळं, हे गावाकडच्या पोरांना शिकवावंही लागत नाही. आता मधलं माकड गेलं होतं, ‘किंवा’ गेलं होतं, फुलपाखरू उडालं होतं, आणि उरलेल्या दोन टोकांची कोणीतरी खुशाल गाठ मारून दिली होती. ती तडक संगणकाच्या खोलीत गेली. तिथे टायपिंग करणारी पंचशीला पुढच्या आठवड्याचा गणिताचा पेपर बसवत होती.

“सर म्हणले पेपर एका पानात बसला पाह्यजे,” पंचशीला म्हणाली. “चौथ्या प्रश्नाच्या दोन ओळी खाली उतरून राहिल्या होत्या. सरांना इचारलं. म्हणले, मधलं थोडं काढ. काढलं.”

“मधलं थोडं काढ म्हणजे काहीही काढायचं?”

“मॅडम, मी कॉमर्सची हाय.”

सौदामिनीने कपाळाला हात लावला आणि जिना चढून मल्लिनाथ सरांच्या केबिनकडे निघाली.

क्लास मल्लिनाथ सरांचा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मूठभर मुलांवर सुरू केलेला, आणि दहा वर्षांत तीन मजल्यांवर गेलेला. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघत होते, आणि भोकर-नायगावापासून निलंग्यापर्यंतची माणसं पोरांना ट्रंकेसकट आणून सोडत होती. दहावीच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नाव यावं म्हणून सरांनी एक मेरिट बॅच काढली होती. नववीतून दहावीत जाणारी मुलं सुट्टीच्या वर्गासाठी वसतिगृहात येऊन राहायची आणि मे महिन्यात त्यांची चाचणी व्हायची. जी निवडली जात त्यांना क्लासचं वसतिगृह, सगळे शिक्षक आणि वर्षभर डोळ्यांत तेल घालून लक्ष. राहिलेली मुलं खालच्या मोठ्या हॉलमध्ये माईकवर शिकत, किंवा ट्रंका उचलून गावी परत जात. हा पेपर त्या चाचणीचा होता.

केबिनमध्ये पंखा चालू होता. मल्लिनाथ सरांनी प्रश्न वाचला, एकदा हसले आणि प्रश्नपत्रिका परत दिली.

“पोरांनी उत्तर लिहिलं ना?”

“लिहिलंय. तोच तर वैताग आहे. एकानेही विचारलं नाही, की हा कसला प्रश्न म्हणून.”

“याला म्हणतात तयारी!” सर खुशीत म्हणाले. “काय बी विचारा, पोरगं लिहितंयच. मॅडम, तुम्ही उगं ताण घेऊन राहिले.”

“सर, प्रश्न चुकला आहे. रद्द करू. त्याचे चार गुण सगळ्यांना देऊन टाकू.”

“आणि रस्त्यापलीकडच्या क्लासवाल्यानं बोर्ड लावला, की यांचे पेपरच चुकतात, मग? पालक काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. तुम्ही मॉडेल आन्सर बनवा. चार मुद्दे. ज्याचं जुळलं त्याला मार्क.”

“वानर आणि पतंगाचं मॉडेल आन्सर?”

“फरक तर हायेच ना त्यांच्यात?”

सौदामिनीची चिडचिड झाली ती नेमकी यामुळे, की फरक होताच. फरक इतका होता की लिहिण्यात अर्थ नव्हता. ज्यांच्यात काहीतरी सारखं असतं त्यांच्यातला फरक विचारतात, हे ती वीस वर्षं शिकवत आली होती. नांदेडच्या शाळेत शिकवलं, इथे शिकवलं. हे सरांना सांगायला तिने तोंड उघडलं, पण सरांनी तोवर फोन उचलला होता.

खाली येऊन तिने कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. वानर: पाठीचा कणा असतो. पतंग: पाठीचा कणा नसतो. वानराची मादी पिलाला दूध पाजते. पतंगाची मादी हरभऱ्याच्या फुलांवर, कोवळ्या घाट्यांवर अंडी घालून निघून जाते. वानर टोळीने राहतो, दिवसा हिंडतो; पतंग एकटा, रात्री हिंडतो. वानराला शेपूट असते, पतंगाला नसते. रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर चांगलं ठसठशीत उतरलं, आणि त्याचाही तिला राग आला. हा कागद पुढच्या वर्षी छापील नोट्समध्ये जाणार, त्याच्या पुढच्या वर्षी रस्त्यापलीकडचा क्लास तो चोरणार, आणि मग कुठल्या तरी गावातलं पोर बैलगाडीत बसून घोकत असणार, वानराला कणा असतो, पतंगाला कणा नसतो. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते काय वेगळं असतं?

मग ती मुकाट्याने मार्क देत सुटली. मारुतीवाल्यालासुद्धा शेपटीच्या मुद्द्याचा एक मिळाला. गठ्ठ्याच्या तळाशी एक उत्तरपत्रिका आली. तिच्यात प्रश्न चौथा असा आकडा घातलेला होता आणि खाली अर्धं पान कोरं होतं. बाकी सगळं मोत्यासारखं. सौदामिनी क्षणभर थांबली. चला, एकाला तरी अक्कल आहे, असं तिच्या मनात आलं, आणि कोऱ्या जागेवर शून्य काढून तिने पान उलटलं. मॉडेल आन्सर झालं म्हटल्यावर कोऱ्या कागदाला काय देणार? वर नाव होतं, अक्षरा शिवप्पा बिराजदार.

यादी लागली त्या सकाळी सौदामिनी क्लासच्या दारात रिक्षातून उतरली, तर वसतिगृहाच्या पायरीवर एक माणूस हिरवी ट्रंक घेऊन उभा होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, बगलेत वळकटी. शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी होती, तिच्या हातात स्टीलचा डबा आणि बादली. मुलीला तिने ओळखलं. मागच्या रांगेत बसायची, फार बोलायची नाही.

“नमस्कार मॅडम,” तो माणूस म्हणाला. “मी शिवप्पा. अक्षराचा अप्पा. हिचं न्हाई झालं. रेघेच्या खाली दुसरं नाव हाय. चालायचंच.”

“मग खालच्या हॉलमध्ये बसू दे. तिथेही आम्हीच शिकवतो.”

“तसं न्हाई मॅडम. वसतिगृह मेरिटवाल्यांनाच हाय. लातुरात आमचं कोण न्हाई. गावात शाळा नववीपतुर. निलंग्याला एसटीनं रोज पाठवायला हिची अव्वा तयार न्हाई.” त्याने ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. “एखादं वर्ष राहील घरी. मग बघू.”

एखादं वर्ष घरी. सौदामिनीला हे वर्ष चांगलं ठाऊक होतं. घरी राहिलेल्या वर्षातून मुली परत येत नाहीत, त्यांच्या लग्नाच्या पत्रिका येतात. दोन-तीन पत्रिका तिच्या कपाटात होत्या, एकीचा तर गणितात पहिला नंबर असायचा. तिचा जीव वरखाली झाला, आणि असं झालं की ती रागावायची. ती मुलीकडे वळली.

“अगं, चार गुणांचा प्रश्न कोरा सोडलास तू! लोकांनी मारुती आणि दिवे लिहून मार्क मिळवले. तुझा काय हात मोडला होता?”

मुलगी बादलीच्या कडीशी चाळा करत राहिली.

“प्रश्न चुकीचा वाटला,” ती म्हणाली.

“मग विचारायचं होतं! तोंड दिलंय ना देवाने?”

अक्षराने बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“हात वर केलता, मॅडम.”

“कोणापुढे?”

“तुमच्याच पुढं. दोनदा.”

सौदामिनी काही बोलायला गेली आणि तिला ते आठवलं. त्या दिवशी तीच पर्यवेक्षक होती. हॉलमध्ये उकडत होतं, ती कोऱ्या पुरवण्यांनी वारा घेत खुर्चीत बसली होती, कपाळ ठणकत होतं. मागच्या रांगेत एक हात वर झाला. तिने तो बसवला. थोड्या वेळाने परत झाला, तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, “हात खाली! प्रश्न विचारायचे नसतात, सोडवायचे असतात.” हे वाक्य मल्लिनाथ सरांचं, हॉलच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेलं. हॉल हसला होता. आपल्या बोलण्यावर हॉल हसला याचं तिला त्या ठणक्यातही बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

“चूक माझीच हाय, मॅडम,” शिवप्पा मध्येच म्हणाला. त्याने ट्रंक खाली ठेवली. “मीच तिला तसं शिकवलंय.”

“कसं?”

“जुन्या गावात आमच्या, भूकंपाच्या आधी लई दिवस भांडी वाजायची. फडताळातली. जमिनीत गुरगुर व्हायचं. माझी अव्वा, हिची आज्जी, म्हणायची, शिवप्पा, हे बरोबर न्हाई, कुणाला तरी सांग. मग एकदा कोण एक साहेब आलते गावात. चावडीपुढं सभा झाली. मी हात वर केला, उठलो, म्हणलं, साहेब, भांडी वाजतेत. ते म्हणले, बसा खाली, भिण्यासारखं काय न्हाई. लोक हसले. म्हणले, शिवप्पाच्या घरची भांडी नाचतेत. मी बसलो.”

“आणि मग?”

“मग काय मॅडम. मी गणपती बुडवून आलतो, भायेर बाजेवर पडलो. अव्वा आत होती.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शिवप्पाने विभूतीवरचा घाम पुसला नाही, गळ्याचा पुसला.

“तवापासून हिला सांगून ठेवलं, चुकीचं दिसलं की हात वर करायचा. कुणी हसलं तर हसू दे. एकदा न्हाई ऐकलं तर दोनदा करायचा. मी एकदाच केलता.” मग तो ओशाळल्यासारखा झाला. “पण परीक्षेत तसं नसतंय म्हणा. आमाला काय कळतंय त्यातलं.”

सौदामिनीला राग आला. कोणाचा आला हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो जास्तच वाढला.

“ट्रंक इथेच ठेवा,” ती म्हणाली. “मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही.”

मल्लिनाथ सर यादीतल्या पहिल्या नावांचे फोटो मागवत होते. सौदामिनीने त्यांना बसूही न देता सगळं सांगितलं: मुलीचा हात, आपणच तो दोनदा खाली बसवलेला, कोरा कागद, ट्रंक. भांड्यांचं मात्र सांगितलं नाही. ते या केबिनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

“एवढ्या मुलांत एका पोरीला चूक कळली सर, आणि तिलाच आपण घरी पाठवतोय. प्रश्न रद्द करा. नाहीतर जीवशास्त्राला दुसरं कोणी बघा.”

सर तिच्याकडे पाहत राहिले. माणूस वाईट नव्हता. धंद्याचा होता, एवढंच. आवाज न चढवता त्यांनी विचारलं,

“मॅडम, तुम्हाला त्या पोरीची सीट पाह्यजे, का प्रश्न रद्द पाह्यजे?”

“दोन्ही.”

“एकच भेटंल.”

खिडकीतून खाली पायरी दिसत होती. शिवप्पा ट्रंकेवर बसला होता, आणि मुलगी बादली पायाशी ठेवून उभीच होती.

“सीट,” सौदामिनी म्हणाली.

“मग बोलवा तिला. इथंच बसून तेवढा प्रश्न लिहू द्या. पुरवणी गहाळ झालती, सापडली म्हणू. कोण बघतंय?”

अक्षरा आली. चपला बाहेर काढून आली, परीक्षेला आल्यासारखी. सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तिला जागा करून दिली. सौदामिनीने तिच्यापुढे कागद ठेवला, पेन ठेवलं आणि काय लिहायचं ते सांगितलं. मुलीने ते ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं,

“मॅडम, पण प्रश्न चुकीचाच हाय ना?”

“हो. चुकीचाच आहे,” सौदामिनी म्हणाली. “तू लिही.”

मुलीने एवढ्यावरच पेन उचललं. पट्टीने रेघ मारली, मथळे दिले. कणा आला, दूध आणि अंडी आली, टोळी आणि एकटा आलं. सौदामिनी मागे उभी राहून वाचत होती. चौथ्या मुद्द्याला पेन जरा थांबलं, मग एका दमात चाललं.

‘वानर शेतात आला की सगळे गाव ओरडत धावते. पतंग कधी आला आणि अंडी घालून गेला, ते घाटा फोडून बघेपर्यंत कोणालाच कळत नाही.’

सौदामिनीने ते दोनदा वाचलं. वीस वर्षांत दोन रकान्यांत मांडलेले हजारो फरक तिने तपासले होते. त्यांतला हा पहिला, जो मुलीने पाठ न करता स्वतः पाहून लिहिला होता. तिला त्या चिमुकल्या ओळींचं फार कौतुक वाटलं.

“हे मॉडेलमध्ये न्हाई,” सर खांद्यावरून वाकून म्हणाले. “फाइलला लावायचंय, जुळलं पाह्यजे. शेपटीचं लिही, बाळ. शेपूट असते, शेपूट नसते.”

मुलीने मान वळवून सौदामिनीकडे पाहिलं. ते पाहणं म्हणजे हात वर करण्यासारखंच होतं. हात तेवढा टेबलावर होता. हा मुद्दा चांगला आहे, खोडायचा नाही, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण सीट मिळत होती, ट्रंक खाली वाट बघत होती, आणि सरांचं मन फिरायला वेळ लागत नसे. सौदामिनीने लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

अक्षराने पट्टी ठेवून त्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली आणि खाली शेपटीचं लिहिलं. चारपैकी चार.

पायरीवर शिवप्पाने हात जोडले. “लई उपकार झाले मॅडम. हिच्या आज्जीला बघायला पाह्यजे होतं.”

“उपकार कसले? जा आता, एसटी चुकेल तुमची,” सौदामिनी खेकसली. त्याने ते मायेचं समजून मान डोलावली आणि तो ट्रंक वसतिगृहात ठेवायला गेला.

जूनमध्ये मेरिट बॅच सुरू झाली. सौदामिनीने ठरवून टाकलं होतं, की या वर्षी हे असलं चालू द्यायचं नाही. पहिल्याच तासाला तिने फळ्याकडे पाठ केली आणि वर्गाला सांगितलं, “माझं काही चुकलं तर हात वर करायचा. मला राग येणार नाही.” मग पहिल्या बाकावरच्या मुलाने अदबीने विचारलं, “मॅडम, हे लिहून घ्यायचं का?”

तिने रोज काहीतरी करून पाहिलं. प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी देईन म्हणाली, तर मुलं नोट्सच्या मागचे प्रश्न क्रमाने विचारू लागली. रागावली, तर गप्प झाली. अक्षरा दुसऱ्या बाकावर बसायची. वही नीटनेटकी, प्रत्येक चाचणीत पहिल्या पाचांत, मल्लिनाथ सर येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांना तिचं नाव सांगायचे. शिवप्पा महिन्यातून एकदा यायचा, शेंगा आणि धपाटे देऊन जायचा. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तरी सौदामिनीची चिडचिड कमी होत नव्हती. घरी नवऱ्याने विचारलं, तर ती म्हणाली, काही नाही, पावसाने दडी मारली ना.

जुलैच्या एका तासाला धडा आला कीटकांचा. सौदामिनीने फळ्यावर मोठं ‘घाटेअळीचा पतंग’ असं लिहिलं आणि खाली पहिला आकडा घातला. काही क्षण तिचा खडू तसाच राहिला. मग तिने स्वच्छ, ठळक अक्षरात लिहिलं: ‘पतंगाला पाठीचा कणा असतो.’

तिने मागे वळून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि पेनं चालत होती. अक्षराचंही चालत होतं.

तिने दुसरा आकडा घातला. ‘पतंगाची मादी पिलाला दूध पाजते.’

आता तर कोणीतरी हसेल, असं तिला वाटलं. हे हरभऱ्याच्या रानातून आलेले लोक होते. घाटा फोडून हिरवी अळी बोटाने काढलेले, दिव्याभोवतीचे पतंग हाकललेले. कोणी हसलं नाही. एकाने शाई संपली म्हणून शेजाऱ्याचं पेन घेतलं. परीक्षा आपलीच चालली आहे, असं सौदामिनीला वाटायला लागलं. तिने तिसरा मुद्दा लिहिला, ‘पतंग दिवसा टोळीने हिंडतो’, आणि खडू ठेवून हात झटकत वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. ती नुसती वाट बघत राहिली.

पेनं एकेक करून थांबली. मुलं वर बघू लागली. आणि दुसऱ्या बाकावर हात वर झाला.

“बोल!” सौदामिनी एवढ्या घाईने म्हणाली, की पुढची दोघं दचकली. “बोल अक्षरा, बोल. काय म्हणायचंय तुला?”

अक्षरा उठून उभी राहिली. वही तिने हातात धरली होती, त्यात तिन्ही वाक्यं उतरलेली होती, खाली चौथा आकडा घालून जागा सोडलेली होती.

“मॅडम,” तिने विचारलं, “चौथा मुद्दा शेपटीचा घ्यायचा का?”

सौदामिनीने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. थट्टा असती तर तिला फार बरं वाटलं असतं. मुलीने पेनाचं टोपण मागे लावून ठेवलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती.